बांधकामातील बदल आणि निर्णय-साहाय्य प्रणाली : क्वेबेक पुलाचा धडा

बांधकाम सुरू झाल्यावर मूळ नकाशा जसाच्या तसा क्वचितच टिकतो. जमीन अपेक्षेपेक्षा मऊ निघते, पोलादाचा भाव चढतो, निधी अपुरा पडतो, वापरणाऱ्यांची गरज बदलते. अशा वेळी एक बदल केल्याने वजन, खर्च, मुदत आणि सुरक्षितता यांत आणखी काय काय बदलेल, हे जबाबदार व्यक्तीसमोर वेळेत मांडणाऱ्या संगणकीय व्यवस्थेला निर्णय-साहाय्य प्रणाली म्हणतात. तिची गरज समजून घेण्यासाठी कॅनडातील क्वेबेक पुलाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

सेंट लॉरेन्स नदीवरील या पुलाच्या मुख्य गाळ्याची लांबी प्रारंभी १६०० फूट योजली होती. १९०० मध्ये सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांच्या शिफारशीवरून ती १८०० फूट करण्यात आली. खांब उथळ पाण्यात येतील, त्यांचे काम लवकर होईल आणि वाहत्या बर्फाचा धोका कमी होईल, अशी त्यामागची कारणे होती. बदल अविचारी नव्हता. मात्र गाळा लांबला तरी पुलाच्या स्वतःच्या वजनाचे गणित नव्याने मांडले गेले नाही. १९०६ मध्ये प्रत्यक्ष वजन अंदाजापेक्षा अधिक असल्याचे उघड झाले, तेव्हा पोलादाचे पुष्कळ भाग घडवून झाले होते. वाढीव ताण सहन होईल असे मानून काम पुढे नेण्यात आले.

ऑगस्ट १९०७ मध्ये दाब पेलणारे खालचे पोलादी घटक वाकू लागल्याचे जागेवरील तरुण अभियंता नॉर्मन मॅक्लुअर यांना दिसले. पत्रव्यवहार झाला, कोणी म्हणे वाक आधीपासूनचा, कोणी म्हणे नवा. अखेर मॅक्लुअर स्वतः न्यूयॉर्कला कूपर यांच्याकडे गेले. कूपर यांनी पुलावर अधिक भार न टाकण्याविषयी तार केली, ती पेनसिल्व्हेनियातील कंपनीच्या कार्यालयात. पुलावरचे काम त्या दिवशी थांबले नाही. २९ ऑगस्टला सायंकाळी पूल कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील ३३ जण काह्नावाके या एकाच मोहॉक वस्तीतील होते.

चौकशी आयोगाने सदोष रचना आणि जबाबदार अभियंत्यांच्या निर्णयातील चुका यांवर बोट ठेवले. या घटनेत दोन दुवे तुटलेले दिसतात. पहिला, बदललेल्या लांबीचा परिणाम वजनाच्या आकड्यापर्यंत पोहोचला नाही. दुसरा, जागेवर दिसलेला धोका काम थांबवण्याच्या आदेशापर्यंत वेळेत पोहोचला नाही.

हेच दोन दुवे जोडणे हे निर्णय-साहाय्य प्रणालीचे काम आहे. गोरी आणि स्कॉट मॉर्टन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये ही संज्ञा वापरली. तिची तीन अंगे मानली जातात. पहिले माहितीचा साठा : नकाशे, अंदाजपत्रक, मोजमापे, वेळापत्रक आणि आजवर मंजूर झालेले बदल. दुसरे गणिती प्रतिमान : एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले इतर आकडे पुन्हा काढणारे. तिसरे मांडणी : निर्णय घेणाऱ्याला पर्यायांची तुलना समजेल अशी.

मात्र प्रणालीचे उत्तर तिला दिलेल्या निकषांइतकेच चांगले असते. एक काल्पनिक उदाहरण पाहू. दुमजली वसतिगृहात जागा कमी पडते. पर्याय दोन : जुन्या पायावर तिसरा मजला चढवणे किंवा शेजारी नवी खोली बांधणे. खर्चाला ५० टक्के, वेळेला ३० टक्के व सुरक्षिततेला २० टक्के महत्त्व दिले. तिसऱ्या मजल्याला दहापैकी अनुक्रमे ९, ९ व २ गुण मिळाले. नव्या खोलीला ५, ६ व ९. बेरीज केली तर तिसरा मजला ७.६ आणि नवी खोली ६.१. स्वस्त व झटपट असल्यामुळे असुरक्षित पर्याय जिंकला! म्हणून सुरक्षितता हा इतर गुणांत मिसळण्याचा निकष नव्हे. आधी ती अट पूर्ण व्हावी. त्यात उतरलेल्या पर्यायांचीच पुढे खर्च व वेळ यांच्या आधारे तुलना व्हावी. हे ठरवणे यंत्राचे नव्हे, माणसांचे काम आहे.

क्वेबेकचा पूल नव्याने बांधताना १९१६ मध्ये मधला भाग उचलत असता पुन्हा अपघात झाला आणि १३ जण दगावले. १९१७ मध्ये तो पूर्ण झाला. आजही कँटिलिव्हर पद्धतीच्या पुलांत त्याचाच गाळा जगात सर्वांत लांब आहे. म्हणजे १८०० फुटांचे स्वप्न चुकीचे नव्हते. त्याचा हिशेब अपुरा होता.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी अभियंता असेल, कोणी कंत्राटदार, तर कोणी गावच्या इमारत समितीचा सदस्य. प्रत्येकाजवळ संगणकीय प्रणाली असेलच असे नाही. साध्या नोंदवहीतही तिची शिस्त पाळता येते. बदलाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : या बदलामुळे कोणकोणते जुने आकडे रद्द झाले? ते पुन्हा कोणी मोजले? आणि धोका दिसताच काम थांबवण्याचा अधिकार जागेवर कोणाकडे आहे? तिन्ही उत्तरे लेखी मिळेपर्यंत सही करू नये, कारण त्या छताखाली कोणाचे तरी आईवडील काम करणार असतात आणि कोणाची तरी मुले झोपणार असतात.