वनस्पती-पेशी आणि प्राणी-पेशी यांचा संयोग

1976 साली अमेरिकेतील ब्रूकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळेत मानवी पेशी आणि तंबाखूच्या एका संकरित जातीच्या पेशी यांचा संयोग घडवून आणण्यात आला. वनस्पती आणि प्राणी यांच्यामधील भिंत कोसळली, असे ही वार्ता ऐकून वाटणे स्वाभाविक आहे. प्रयोगात एक भिंत खरोखरच दूर करावी लागली होती.

वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची कणखर भित्तिका असते. प्राण्याच्या पेशीला ती नसते. एन्झाइमांच्या साहाय्याने ही भित्तिका विरघळवून आतील जिवंत पेशी मोकळी करता येते, हे इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे एडवर्ड कॉकिंग यांनी 1960 मध्ये टोमॅटोच्या मुळांवर प्रयोग करून दाखविले. मग उरते ते मेदद्रव्य व प्रथिने यांचे अतिशय पातळ पटल, आणि त्याची मूळ घडण वनस्पती व प्राणी या दोहोंत सारखीच असते. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या रसायनाच्या दाट द्रावणात अशा पेशी एकमेकींना चिकटतात व त्यांची पटले एकरूप होतात. साबणाचे दोन बुडबुडे मिळून एक व्हावा, तसेच काहीसे हे घडते.

तथापि एकत्र येणे निराळे आणि एकत्र नांदणे निराळे. ब्रूकहेव्हनच्या प्रयोगात मानवी केंद्रके तंबाखूच्या पेशींत काही दिवस दिसत राहिली. त्यांतून रोप उगवले नाही, मग प्राण्याची गोष्ट दूरच. दोन्ही पेशींना मानवणारे तापमान, पोषण आणि त्यांच्या विभाजनाची गती भिन्न असते. या प्रयोगातील मानवी पेशी 1951 साली हेन्रीएटा लॅक्स या कृष्णवर्णीय कर्करुग्ण स्त्रीच्या शरीरातून, तिची संमती न घेता, काढलेल्या पेशींच्या वंशातील होत्या, हेही येथे नोंदविले पाहिजे.

याच वंशाच्या पेशी ऑक्सफर्ड येथे हेन्री हॅरिस व जॉन वॉटकिन्स यांनी 1965 मध्ये उंदराच्या पेशींशी जोडल्या होत्या. मानव व उंदीर यांच्या संकरित पेशी वाढतात, परंतु पिढ्यांमागून पिढ्या जाताना त्यांतील मानवी गुणसूत्रे गळत जातात. शास्त्रज्ञांनी या गळतीचाच उपयोग करून घेतला. कोणते गुणसूत्र नाहीसे झाले असता कोणते प्रथिन तयार होणे थांबते, हे पाहून अनेक मानवी जनुकांची स्थाने निश्चित करण्यात आली.

सर्वसामान्यांच्या उपयोगी पडला तो मात्र उंदराच्याच दोन पेशींचा संयोग. केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर व सेझार मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये प्रतिपिंड तयार करणारी पेशी अखंड वाढणाऱ्या कर्कपेशीशी जोडली. एकाच प्रकारचे प्रतिपिंड अमर्याद प्रमाणात मिळविण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला, आणि 1984 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. गरोदरपणाची किंवा हिवतापाची तात्काळ चाचणी करणाऱ्या ज्या पट्ट्या आज गावोगावी आरोग्यसेविकांच्या हाती दिसतात, त्यांवरील रंगीत रेघ अशाच प्रतिपिंडांमुळे उमटते.