ताप उतरला, पण रक्तवाहिन्यांचं काय?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, डेंग्यू झालेल्या मुलाच्या घरून फोन येतो, "सर, ताप उतरलाय, आज पाठवू का शाळेत?" लगेच हो म्हणू नका.

रक्तवाहिन्यांना आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. डेंग्यूत काही मुलांचा हा थर सैल पडतो. मग नवा माठ पाझरावा तसा बारीक केशवाहिन्यांतून रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर झिरपतो. हे घडतं ते बहुधा ताप उतरतानाच, आजाराच्या 3 ते 7 व्या दिवसात. तिथून पुढचे 24 ते 48 तास जपायचे.

लक्ष कशावर ठेवायचं?
- पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या
- हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त
- हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं
- मूल सुस्त किंवा बेचैन होणं

यातलं एकही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

पुढे थर सावरतो, झिरपलेला द्रव रक्तात परततो, मुलाला भूक लागते. डॉक्टरांनी होकार दिला की पाठवा शाळेत. बुडालेला अभ्यास आपण भरून काढू.