पोट पेडल मारतं

१. भूक लागल्यावर खायचं, हा घरचा नियम लांबच्या राइडला चालत नाही. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साखरेचा साठा असतो जेमतेम ४००-५०० ग्रॅम. सायकल जोरात हाणली तर दोन-तीन तासांत तळ दिसतो. चरबी भरपूर असते (माझ्याकडे तर आहेच), पण ती सावकाश जळणारी. चढावर वेळेत हजर होत नाही. नवल वाटलं ते याचं, की पाय नंतर थकतात, आधी स्वभाव बिघडतो. खंबाटकी घाट चढताना सोबत्याची शीळ असह्य वाटू लागली की आता मी भांडत नाही, केळं सोलते.

२. म्हणून भुकेपेक्षा घड्याळावर विश्वास. दर अर्ध्या तासाला गजर. तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटाला झेपतात. एका मोठ्या केळ्यात २५-३० असतात, उरलेली खजूर आणि चिक्कीतून. कागदावर हा हिशेब फार देखणा दिसतो. रस्त्यावर मात्र जर्सीच्या मागच्या खिशातली गुळाची चिक्की उन्हाने मऊ होऊन कागदाला अशी बिलगते, की दातांनी खरवडावी लागते. राजगिऱ्याचा लाडू त्याहून बिलंदर. चढावर आपण तोंड उघडून धापा टाकत असताना त्याचा भुगा थेट घशात उतरतो आणि पुढचा अर्धा घाट खोकण्यात जातो. तो सपाटीवर, थांबून, पाण्याबरोबर.

३. रसवंतीची घुंगरं ऐकू आली की आता मला अपराधी वाटत नाही. रसातली साखर मुख्यतः सुक्रोज, म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. आतडं या दोघांना वेगवेगळ्या दारांनी आत घेतं, त्यामुळे सरावलेल्या पोटाची मजल तासाला ९० ग्रॅमपर्यंत जाते. वर चिमूटभर मीठ पडलं तर सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि पाण्यालाही सोबत ओढतात. जलसंजीवनीचं तत्त्व हेच. ही सगळी विद्या मला महागड्या एनर्जी जेलमुळे मिळाली, आणि मिळाल्यावर मी जेल घेणं कमी केलं. आलं-लिंबू-मीठ घातलेला रस, बिनबर्फाचा.

४. नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं. घामातून मीठ जात राहतं, वरून पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. उन्हाळ्यात खारं ताक.

५. मिसळीवर माझं प्रेम आहे, म्हणून ती राइड संपल्यावर. रक्त पायांकडे धावत असतं, पोटाच्या वाट्याला थोडंच येतं. तेवढ्यावर तर्री पचवायला सांगणं हा पोटावर अन्याय. चढावर ती आपली आठवण करून देत राहते.

६. अंधार पडल्यावर जीभ बंड पुकारते, हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. ३०० किलोमीटरच्या बीआरएमला २० तास मिळतात. त्यातल्या उत्तररात्री खजूर नुसता दिसला तरी मळमळतं. दिवसभर ज्यांच्यावर भिस्त ठेवली, ते सगळे गोड पदार्थ एकाएकी शत्रू होतात. तेव्हा हवा असतो मऊ भात, दही, मीठ, जमलं तर उकडलेला बटाटा. हायवेवरच्या एका ढाब्यावर मी अशीच ऑर्डर दिली. तेल नको, तिखट नको, फोडणीही नको. मालकांनी एकवार माझ्याकडे बघितलं, एकवार सोबत्याकडे, आणि काळजीने विचारलं, “ताई, पेशंट कोण आहे?” भात मात्र त्यांनी वाढताना दोनदा मऊ कुस्करून दिला.

७. पायांसारखा पोटालाही सराव लागतो. मोठ्या राइडला जे खायचं, ते आधी रविवारच्या छोट्या फेरीत खाऊन बघायचं. नवा पदार्थ, नवी पावडर त्या दिवशी नाहीच. सध्या माझ्याकडे थालीपिठाची चाचणी चालू आहे. कात्रजच्या चढापर्यंत ठीक चाललंय. भाजणीत हिरवी मिरची किती, यावर घरात अजून एकमत नाही.