परिपथ कागदावरचा आणि तांब्यावरचा

विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा एखाद्या पुस्तकातून उतरवून घेतलेली परिपथाची आकृती असते. आकृती बरोबर असते, बाजारातून आणलेले घटक बरोबर असतात, जोडणीही बरोबर असते. तरीही उपकरण दहा मिनिटे चालून बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू होते. अशा वेळी दोष नशिबाला किंवा दुकानदाराला दिला जातो. वास्तविक दोष त्या दोघांचाही नसतो. कोणता घटक कोणाला जोडावा, एवढेच आकृती सांगते. जोडणी किती लांब असावी, किती रुंद असावी, कोणता घटक तापेल आणि त्याच्या शेजारी कोणाला बसवू नये, याविषयी ती मौन बाळगते. हे मौन भरून काढण्याचे काम म्हणजे मुद्रित परिपथफलकाचा, अर्थात पीसीबीचा, आराखडा करणे होय.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. हा विषय आमच्या पदवीचा नव्हे. परंतु निवासी शाळेत सायंकाळच्या अभ्यासिकेत शिक्षकाला आपल्या विषयाच्या कुंपणात बसून राहता येत नाही. शिवाय ‘मुद्रित’ या शब्दाला स्वतःचा एक इतिहास आहे, म्हणून प्रारंभ तेथूनच करू.

छपाईतून आलेली कल्पना

पूर्वी रेडिओच्या पेटीत प्रत्येक तार हाताने कापून, सोलून, डाखून बसवावी लागे. एका संचात असे शेकडो सांधे असत आणि प्रत्येक सांधा चुकीची एक शक्यता असे. पॉल आयसलर हे 1907 साली व्हिएन्ना येथे जन्मलेले ज्यू अभियंते. ज्यूद्वेषाच्या वातावरणात मायदेशी योग्य काम मिळेना, म्हणून 1936 साली ते इंग्लंडला गेले. छपाईच्या व्यवसायाशी त्यांचा निकटचा परिचय होता. विद्युतरोधक पत्र्यावर तांब्याचा पातळ थर चिकटवावा, हवी तेवढी नक्षी शाईने झाकावी आणि उरलेले तांबे रसायनाने विरघळवून टाकावे, ही त्यांची कल्पना मुद्रणकलेतूनच आली. महायुद्धाच्या आरंभी ‘शत्रुदेशाचा नागरिक’ म्हणून इंग्लंडने त्यांना काही काळ स्थानबद्धही केले होते. पुढे 1943 साली त्यांनी आपल्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज भ्रमणध्वनीपासून रुग्णालयातील यंत्रांपर्यंत सर्वत्र हीच मूळ कल्पना कार्य करीत आहे.

या इतिहासाचा बोध व्यावहारिक आहे. छापील फलकाचे सामर्थ्य पुनरावृत्तीत आहे. आराखडा बरोबर असेल, तर हजारावी प्रतही बरोबर निघते. चुकीचा असेल, तर हजारही प्रती सारख्याच चुकतात. म्हणून तांबे विरघळवण्यापूर्वी कागदावर घालवलेला वेळ वाया जात नाही.

उदाहरण: 5 व्होल्टचा वीजपुरवठा

आपण एकच साधे उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. 9 व्होल्ट एसी देणारा बंद पेटीतील तयार अडॅप्टर, चार डायोडचा ब्रिज, एक मोठा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आणि 7805 हा रेग्युलेटर यांपासून 5 व्होल्ट, अर्धा अँपिअर देणारा पुरवठा करावयाचा आहे. पहिला नियम सुरक्षिततेचा: घरगुती विजेची 230 व्होल्टची बाजू विद्यार्थ्यांनी केलेल्या फलकावर आणूच नये. ती बंद अडॅप्टरातच राहावी. या नियमाला अपवाद नाही.

आता कॅपॅसिटर किती मोठा घ्यावा? 9 व्होल्ट एसीचे शिखरमूल्य 9 गुणिले 1.41, म्हणजे सुमारे 12.7 व्होल्ट. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड मार्गात येतात. त्यांत सुमारे 1.4 व्होल्ट खर्ची पडतात. उरले 11.3. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने ब्रिजनंतर कॅपॅसिटर सेकंदाला 100 वेळा भरतो, आणि दोन भरणांच्या दरम्यान सुमारे 0.01 सेकंद सगळा भार तोच वाहतो. प्रवाहाला वेळेने गुणून धारकतेने भागले की व्होल्टेजमधील घट मिळते. 1000 मायक्रोफॅरडसाठी ही घट 5 व्होल्ट येते. म्हणजे तळाला 6.3 व्होल्टच उरतात. 7805 ला मात्र सुमारे 7 व्होल्ट तरी लागतात. 2200 मायक्रोफॅरड घेतल्यास घट 2.3 व्होल्ट होते आणि तळाला 9 व्होल्ट उरतात.

येथे कोणी विचारील की 9 व्होल्ट कशाला, 7 पुरेसे नाहीत काय? खेड्यापाड्यांत सायंकाळी विजेचा दाब उतरतो, हे आपण सारे जाणतो. तो 230 वरून 200 वर आला, तर हाच हिशोब करून तळाला सुमारे 7.4 व्होल्ट उरतात. पुरवठा जेमतेम टिकतो. आराखड्यात ठेवलेली ही सवड म्हणजे उधळपट्टी नव्हे. ती ज्या ठिकाणी उपकरण वापरले जाणार आहे, त्या ठिकाणाची जाणीव होय. उलट भार नसताना अडॅप्टर लिहिलेल्यापेक्षा अधिक व्होल्टेज देतो, म्हणून कॅपॅसिटर 25 व्होल्टचा घ्यावा. 16 व्होल्टचा नव्हे.

उष्णता: दहा मिनिटांचे रहस्य

पूर्ण भार असताना रेग्युलेटरच्या प्रवेशाशी सरासरी सुमारे 10.2 व्होल्ट असतात आणि बाहेर 5 पडतात. मधल्या 5.2 व्होल्टांना अर्ध्या अँपिअरने गुणले की 2.6 वॉट येतात. ही सारी ऊर्जा उष्णता होते. नेहमीच्या तीन पायांच्या आवरणातील 7805 ला उष्णताशोषक पत्रा, म्हणजे हीटसिंक, नसेल, तर दर वॉटमागे त्याच्या अंतरंगाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे 65 अंशांनी वाढते. 2.6 वॉटला ही वाढ 169 अंश होते. उन्हाळ्यातील 40 अंश मिळवले की आकडा दोनशेच्या पुढे जातो. त्याची मर्यादा मात्र साधारण 125 अंशांची आहे. तेथे पोहोचण्यास काही मिनिटे लागतात. मर्यादा ओलांडली की रेग्युलेटर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि निवला की पुन्हा सुरू होतो. प्रारंभी सांगितलेल्या दहा मिनिटांच्या बिघाडाचे कारण असे भागाकार-गुणाकारात सापडते.

दर वॉटला सुमारे 15 अंशांनी तापणारा हीटसिंक लावला, तर आतील सुमारे 5 अंश धरून वाढ 52 अंशांची होते. 40 अंशांच्या हवेतही अंतरंग शंभराच्या आत राहते. म्हणून आराखड्यात रेग्युलेटर फलकाच्या कडेला ठेवावा, हीटसिंकला मोकळी हवा मिळू द्यावी आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर त्याला खेटून बसवू नये. तापमान 10 अंशांनी वाढले की अशा कॅपॅसिटरचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा या क्षेत्रातील ठोकताळा आहे. जोडणीच्या सोयीसाठी घटक जवळ आणणे चांगले. पण गरम घटकाचा शेजार पारखूनच द्यावा.

तांब्याची वाट

बाजारात मिळणाऱ्या सामान्य फलकावरील तांब्याची जाडी 35 मायक्रोमीटर असते. एवढ्या जाडीच्या तांब्याच्या कोणत्याही चौरसाचा, तो लहान असो वा मोठा, एका बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंतचा रोध सुमारे अर्धा मिलीओहम असतो. म्हणून ट्रॅकमध्ये किती चौरस बसतात ते मोजावे. 100 मिलीमीटर लांब आणि पाव मिलीमीटर रुंद ट्रॅकमध्ये 400 चौरस, म्हणजे 0.2 ओहम, अर्ध्या अँपिअरला 0.1 व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात. तोच ट्रॅक 2 मिलीमीटर रुंद केला, तर 50 चौरस आणि फक्त 0.0125 व्होल्ट. तांबे फलकावर आधीच आहे. ते ठेवायला काही खर्च येत नाही, विरघळवायलाच येतो. म्हणून प्रवाहाच्या वाटा जागा असेल तेवढ्या रुंद ठेवाव्यात.

त्याहून सूक्ष्म गोष्ट सामाईक ऋण वाटेची, म्हणजे ग्राउंडची. ब्रिजकडून कॅपॅसिटरकडे जाणारा प्रवाह संथ नसतो. तो क्षणिक उसळ्यांनी येतो आणि त्या उसळ्या सरासरीच्या कित्येक पट असतात. त्यांची परतीची वाट आणि रेग्युलेटरची ग्राउंडची वाट एकच असेल, तर प्रत्येक उसळीबरोबर रेग्युलेटरच्या पायाखालची जमीन हलते आणि ध्वनिवर्धकात गुणगुण ऐकू येते. उपाय सोपा आहे. ब्रिजचा ऋण प्रथम मोठ्या कॅपॅसिटरच्या ऋण टोकाला न्यावा आणि तेथूनच पुढची ग्राउंड वाट काढावी. रेग्युलेटरच्या प्रवेशाशी 0.33 आणि निर्गमाशी 0.1 मायक्रोफॅरडचे लहान कॅपॅसिटर अगदी त्याच्या पायांजवळ लावावेत. दूर लावले तर ते असून नसल्यासारखे.

आरसा, भोके आणि आम्ल

हाताने केलेल्या फलकांत सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे उलटी नक्षी. घटक एका बाजूने बसतात आणि तांबे दुसऱ्या बाजूला असते, त्यामुळे एका बाजूचा डावा दुसऱ्या बाजूचा उजवा होतो. म्हणून आराखड्यात तांब्याच्या बाजूला शाळेचे नाव किंवा दोन अक्षरे लिहावीत. तयार तांब्यावर ती सरळ वाचता आली, तर नक्षी बरोबर.

रोधक आणि आयसीसाठी 0.8 मिलीमीटरचे भोक चालते. 1एन4007 डायोड आणि रेग्युलेटर यांचे पाय जाड असल्याने त्यांना 1 मिलीमीटर किंवा किंचित मोठे लागते. भोकाभोवती तांब्याचे पुरेसे कडे ठेवावे, अन्यथा डाखताना ते उपटून येते. फेरिक क्लोराइडचे द्रावण प्लॅस्टिकच्या भांड्यात, हातमोजे आणि चष्मा घालून, खेळत्या हवेत वापरावे. वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते. ते मोरीत किंवा शेतात ओतू नये. झाकणबंद बाटलीत साठवून घातक कचरा म्हणूनच त्याची विल्हेवाट लावावी. आपला प्रयोग यशस्वी व्हावा आणि शेजाऱ्याची विहीर बिघडावी, हे विज्ञान नव्हे.

आता केआयकॅडसारखी मुक्त संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. दोन ट्रॅक एकमेकांना चिकटले की ती लगेच दाखवते. पण हीटसिंक विसरला, उन्हाळा विसरला, विजेचा उतरलेला दाब विसरला, तर हे तिच्या तपासणीत येत नाही. ते विचार करणाऱ्यालाच ध्यानात ठेवावे लागते.

साधने आणि चाचणी

इतिहासात आम्ही विद्यार्थ्यांना प्राथमिक आणि दुय्यम साधनांतील भेद शिकवतो. तो येथेही लागू पडतो. पुस्तकातील आकृती हे दुय्यम साधन. घटक बनवणाऱ्याने प्रसिद्ध केलेले माहितीपत्रक हे प्राथमिक साधन. 7805 चे पाय समोरून डावीकडून प्रवेश, ग्राउंड, निर्गम असे असतात. तशाच दिसणाऱ्या एलएम317 चे समायोजन, निर्गम, प्रवेश असे. दिसण्यावरून निष्कर्ष काढणारा येथे घटक जाळतो.

चाचणीचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम भिंगाने सांधे पाहावेत. मग वीज न लावता मल्टिमीटरने धन-ऋण चिकटलेले नाहीत, याची खात्री करावी. मग भाराविना व्होल्टेज मोजावे. शेवटी 10 ओहमचा रोधक भार म्हणून लावावा. 5 व्होल्टला त्यातून अर्धा अँपिअर जातो आणि त्यात 2.5 वॉट जळतात, म्हणून तो 10 वॉटचा घ्यावा आणि त्याला हात लावू नये. अर्धा तास थांबून पुन्हा व्होल्टेज मोजावे. पाच मिनिटांत पाच व्होल्ट दिसले म्हणजे पुरवठा तयार झाला, असे नव्हे.

आणि फलक पूर्ण झाल्यावर त्यावर धन-ऋण खुणा, उपकरणाचे नाव व दिनांक लिहावा. आकृती आणि हिशोब वहीत उतरवून ती वही प्रयोगशाळेत ठेवावी. आज दहावीत असलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी शाळेत नसतो. त्याने केलेले उपकरण मात्र असते, आणि ते दुरुस्त करण्याचे काम आठवीतल्या कोणाच्या तरी वाट्याला येते. त्या मुलाला किंवा मुलीला ‘हे असेच का केले’ याचे उत्तर वहीत सापडले पाहिजे. केवळ नक्कल करता येणे आणि कारण कळणे यांत अंतर आहे. ते अंतर कमी करण्यासाठीच शाळा असते.