स्वस्त तिकीट, लांबचा पल्ला

मुंबई–गोवा स्वस्तात उडवणाऱ्याला मुंबई–लंडन का जमू नये? उत्तर कुठल्याही शेअर रिक्षावाल्याला विचारा: कमाई फेऱ्यांवर असते. कमी पल्ल्याचं विमान अर्ध्या-पाऊण तासात माणसं उतरवून-चढवून पुन्हा उडतं. लांबच्या पल्ल्यावर ही चलाखी चालत नाही, कारण तिथे जुन्या कंपन्यांची विमानंही दिवसातला बहुतेक वेळ हवेतच असतात. इंधन टाळता येत नाही, कर्मचाऱ्यांना परगावी हॉटेल द्यावंच लागतं. वर मोठ्यांकडे बिझनेस क्लास असतो, विमानाच्या पोटात माल असतो.

फ्रेडी लेकर यांची लंडन–न्यूयॉर्क ‘स्कायट्रेन’ विमानसेवा १९७७ मध्ये सुरू झाली, १९८२ मध्ये बुडाली. हाँगकाँगची ओएसिस २००८ मध्ये, आइसलंडची वॉव २०१९ मध्ये गेली. नॉर्वेजियनने २०२१ मध्ये लांबचा पल्लाच सोडला. कोविडच्या आधीच कर्ज गळ्याशी आलं होतं, त्यात इंजिनांच्या दुखण्याने ड्रीमलायनर विमानं जमिनीवर अडकत होती. एअरएशिया एक्सने २०१२ मध्ये लंडन, पॅरिसबरोबर आपली मुंबईही सोडली. सिंगापूरची स्कूट टिकली, पण तिच्या पाठीशी सिंगापूर एअरलाइन्स आहे.

मी लंडनला राहते. न्यूयॉर्कला भावाकडे जायचं माझं तिकीट असंच एका सकाळी रद्दी झालं. कंपनी रात्रीत बंद. नवं तिकीट ऐनवेळच्या भावाने घ्यावं लागलं. जुन्याचे पैसे मिळाले, कारण ते क्रेडिट कार्डाने थेट कंपनीकडून काढलेलं. ब्रिटनमध्ये शंभर पौंडांवरच्या अशा खरेदीला कार्ड देणारी बँकही कायद्याने बांधलेली असते. डेबिट कार्डाला हे संरक्षण नाही.

आता मी आधी पाहते, तोटा सोसणारं कोणी मागे आहे का, आणि पुढच्या-मागच्या गावांतून प्रवासी आणून देणारं जाळं आहे का. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर, ॲमस्टरडॅम सुरू केलं, तेही नॉर्स अटलांटिक या कंपनीची विमानं भाड्याने घेऊन. देशभरचं जाळं तिच्याकडे आहे, म्हणून मला थोडी आशा वाटते. खरी परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीची. उन्हाळ्यात कुणाचंही विमान भरतं.

नव्या कंपनीचं तिकीट काढायचंच तर फार महिने आधी पैसे अडकवू नका. पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर मध्ये एक रात्र ठेवा. लग्नाच्या मुहूर्तासाठी मात्र असा जुगार नकोच. आणि प्रवासविमा घेताना विमान कंपनी बुडाली तर भरपाई मिळते का, हे पॉलिसीत शोधा. बऱ्याच पॉलिसींत ते नसतं.