नांगर वजनाने धरत नाही, कोनाने धरतो: लहान शिडाच्या होडीवरचा विज्ञानपाठ



मराठीत ‘नांगर’ हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी आहे. एक शेतात चालतो, दुसरा समुद्रात टाकतात. मुलांना विचारून पाहा, या दोघांत सारखं काय? पुष्कळ मुलं म्हणतील, “फक्त नाव.” मग दुसरा प्रश्न विचारा: होडीचा नांगर होडीला कसा धरून ठेवतो? यावर उत्तर ठरलेलं: “तो खूप जड असतो म्हणून.”

दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि ती का चुकीची हे समजावताना बल, कोन, समरूप त्रिकोण, उत्प्लावकता आणि तरफ असे पाच धडे एका वस्तूत भेटतात. साधारण इयत्ता आठवी ते दहावीसाठी हा पाठ घेता येईल.

नांगर हवा कशाला?

शिडाच्या होडीला ब्रेक नसतो. वारा पडला, इंजिन बंद पडलं आणि प्रवाह खडकाकडे ओढू लागला, तर होडी थांबवायचं एकच साधन उरतं, ते म्हणजे नांगर. म्हणून नांगर ही रात्री मुक्कामाला थांबण्याची सोय तर आहेच, पण त्याआधी ती जीव वाचवणारी वस्तू आहे. निवडताना आणि ठेवताना हे विसरायचं नाही.

वजनाचा गैरसमज

सात-साडेसात मीटर लांबीच्या शिडाच्या होडीचं वजन साधारण दोन टन धरू. तिच्यावरचा नांगर असतो दहा किलोच्या आसपास, म्हणजे होडीच्या दोनशेवा भाग. नुसत्या वजनावर तो तिला काय धरणार?

पूर्वी वजनावर धरणारे नांगर होते. भोक पाडलेले मोठे दगड दोराला बांधून टाकत. असे दगडी नांगर द्वारकेच्या समुद्रात आणि आपल्या विजयदुर्गजवळही पुरातत्त्व अभ्यासकांना सापडले आहेत. पण दगडाची एक अडचण आर्किमिडीजने सांगूनच ठेवली आहे. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढं तिचं वजन पाण्यात कमी भासतं. दगडाची घनता पाण्याच्या पावणेतीन पट धरली, तर त्याचं एक तृतीयांशाहून जास्त वजन पाण्यात ‘नाहीसं’ होतं. लोखंडाचं जेमतेम आठवा भाग कमी होतं. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या.

खरा नांगर तळात घुसतो. शेतातल्या नांगरासारखाच त्याला फाळ असतो. ओढ आडवी असली की फाळ मातीत खोल जातो, आणि तासाच्या शेवटी शेतकऱ्याने नांगर उचलला की तो सहज बाहेर येतो. होडीच्या नांगराचंही तंतोतंत तसंच. आडवं ओढा, तो रुततो. वर ओढा, तो निघतो. सगळा पाठ या दोन वाक्यांत आहे.

दोर किती सोडायचा?

ओढ आडवी राहायला दोर लांब हवा. नांगरापासून होडीच्या पुढच्या टोकापर्यंतचा ताणलेला दोर म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण, आणि होडीच्या टोकापासून तळापर्यंतची उंची म्हणजे त्याची उभी बाजू. दोर १०० किलो जोराने ताणला गेला, तर नांगराला वर उचलणारं बल किती? समरूप त्रिकोणाने उत्तर सोपं होतं: ताण भागिले दोर आणि उंची यांचं गुणोत्तर.

- दोर उंचीच्या २ पट: वर उचलणारं बल ५० किलो, कोन ३० अंश
- दोर ३ पट: ३३ किलो, कोन सुमारे १९.५ अंश
- दोर ५ पट: २० किलो, कोन सुमारे ११.५ अंश
- दोर ७ पट: १४ किलो, कोन सुमारे ८ अंश

म्हणून दोर वापरणाऱ्या लहान होडीला पाच ते सात पट दोर सोडावा असं शिकवतात. वादळी वाऱ्यात त्याहून जास्त. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हेही इथेच सांगून टाकावं.

आता भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाच्या वेळी ओहोटी आणि भरतीच्या पाण्यात ४ मीटर, कधी त्याहून जास्त फरक पडतो. समजा ओहोटीला पाणी ३ मीटर खोल आहे आणि होडीचं टोक पाण्यापासून १ मीटर उंच. उंची झाली ४ मीटर. पाच पट म्हणून २० मीटर दोर सोडला आणि सगळे निवांत झोपले. सहा तासांनी भरती आली, उंची झाली ८ मीटर. दोर तोच, २० मीटर. पाच पटीचं झालं अडीच पट! नांगर बदलला नाही, वारा बदलला नाही, तरी होडी मध्यरात्री घसरू लागली. मुलांना विचारा, संध्याकाळीच किती दोर सोडायला हवा होता? (उत्तर: ४० मीटर.)

कोणता नांगर निवडायचा?

“सगळ्यात चांगला कोणता?” हा प्रश्न अपुरा आहे. “कुठल्या तळासाठी?” हे आधी विचारायला हवं. आपल्या कोकणात खाडीत चिखल, पुळणीसमोर वाळू आणि मध्येच कातळ, असे तिन्ही तळ एकाच दिवसाच्या प्रवासात भेटतात.

*जुना, आडव्या दांडीचा नांगर:* चित्रात दिसतो तोच. खडकात आणि पाणवनस्पतीत चांगला अडकतो. पण वाळूत आणि चिखलात त्याच वजनाच्या नव्या नांगरांइतका धरत नाही, आणि एक फाळ वर राहत असल्याने त्यात दोर गुरफटू शकतो.

*चपटा डॅनफोर्थ:* अमेरिकेतल्या रिचर्ड डॅनफोर्थ यांचा. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्याला लागणाऱ्या लष्करी नौकांवर वापरला गेला. वजनाच्या मानाने वाळूत आणि चिखलात जबरदस्त धरतो, शिवाय चपटा असल्याने ठेवायला सोपा. मात्र वारा फिरला आणि तो उपटला, तर पुन्हा रुतेलच असं नाही. कातळावर त्याचा भरवसा नाही.

*नांगरफाळ्या, म्हणजे सी-क्यू-आर:* ही आपल्या पाठाची गंमत. याचा शोध १९३३ मध्ये जेफ्री इंग्राम टेलर यांनी लावला. ते केंब्रिजचे नामवंत गणितज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ, बूलियन बीजगणितवाल्या जॉर्ज बूल यांचे नातू. त्यांना शिडाच्या होडीचा नाद होता, आणि होडी नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपर्यंत नेलेली. कमी वजनात जास्त पकड कशी मिळेल, याचं उत्तर म्हणून त्यांनी चक्क शेतातल्या नांगराचा फाळ उलटा करून दांड्याला बिजागरीने जोडला. इंग्रजीत त्याला ‘नांगराच्या आकाराचा नांगर’ असं वेगळं म्हणावं लागतं. आपल्याकडे भाषेत ते आधीच एक होते!

*पंजाच्या आकाराचा ब्रूस:* १९७० च्या दशकातला, समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामातून आलेला. पटकन रुततो, पण तेवढीच पकड हवी तर थोडा जड घ्यावा लागतो.

*खोलगट, खोऱ्यासारखे नवे नांगर:* टोकदार आणि टोकाशी वजन असलेले. काहींवर कमान असते, त्यामुळे कसाही पडला तरी तो सरळ होतो. वाळू आणि चिखल दोन्हीत चांगले, म्हणून आज एकच मुख्य नांगर घ्यायचा असेल तर अनेक जण हा घेतात.

शहाणपणाचा नियम असा: एक मुख्य नांगर, आणि दुसरा वेगळ्या जातीचा, हलका.

साखळी आणि दोर

नांगराला थेट दोर बांधायचा नाही. आधी काही मीटर साखळी, मग दोर. ८ मिलिमीटर जाडीची १० मीटर साखळी सुमारे १४ किलो भरते, म्हणजे नांगरापेक्षाही जड! ती तळावर पडून राहते, त्यामुळे दांडा आडवा राहतो, आणि खडकावर घासली तरी तुटत नाही. जोराच्या वाऱ्यात तीही ताठ होते, तेव्हा कामाला येते ती दोराची लांबी. दोर नायलॉनचा, कारण तो ताणला जातो आणि लाटेचा झटका गिळतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, त्यामुळे तो या कामाचा नाही.

ठेवायचा कुठे?

इथे खरी कसोटी लागते, कारण दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. नांगर हाताशी हवा आणि घट्ट हवा. सामानाखाली पुरलेला नांगर अडचणीच्या वेळी नसल्यासारखाच. मोकळा ठेवलेला नांगर लाटेत पाय फोडतो, नाहीतर होडीला भोक पाडतो.

- किनाऱ्याजवळ असताना तो पुढच्या टोकाच्या रोलरवर किंवा पुढच्या कप्प्यात ठेवावा. खिळ आणि दोरी, दोन्हींनी बांधावा, पण एका माणसाला क्षणात सोडता आला पाहिजे.
- लांबच्या प्रवासात तो आत, खाली आणि होडीच्या मध्याकडे न्यावा. सी-सॉच्या टोकावर बसलेलं मूल आणि मधे बसलेलं मूल आठवा. वजन टोकाला असलं की होडी लाटेवर जास्त डुचमळते.
- दोराचं आतलं टोक होडीला भक्कम बांधलेलं हवं, पण गरज पडल्यास सुरीने कापता येईल अशा दोरीने. हे टोक मोकळं राहिलं, तर नांगर, साखळी आणि दोर तिन्ही समुद्राला अर्पण!
- साखळी आणि नांगर जोडणाऱ्या शॅकलची पिन तारेने बांधावी, म्हणजे ती फिरून सुटत नाही.
- होकायंत्राजवळ लोखंड ठेवू नये. का, ते मुलांना सांगू द्या.
- साखळीवर आणि दोरावर दर ५ मीटरला रंगाची खूण करावी. किती सोडला हे अंधारातही मोजता यायला हवं.

वर्गातला प्रयोग

साहित्य: मोठी परात, ओली वाळू, दात वाकवलेला जुना काटा-चमचा, त्याच वजनाचा दगड, ३० सेंमी दोरा, ताणकाटा, पट्टी.

१. दगडाला दोरा बांधून ताणकाट्याने आडवा ओढा. किती बलाला सरकला ते लिहा.
२. आता काटा आडवा ओढा. फरक पाहा.
३. दोऱ्याचं वरचं टोक वाळूपासून ६, १० आणि १५ सेंमी उंच धरून ओढा. हीच आपली ५, ३ आणि २ पट.
४. शेवटी सरळ वर उचला. एवढा वेळ न हललेला काटा अलगद येतो. खलाशी नांगर काढताना हेच करतात. होडी बरोबर नांगरावर आणतात आणि मग उभा ओढतात.
५. वाळूऐवजी खडी आणि चिखल घेऊन हेच पुन्हा करा.

विचार करायला प्रश्न

१. नांगर भिरकावून का टाकत नाहीत, हळू खाली सोडून होडी मागे का जाऊ देतात?
२. किनाऱ्यावरचं झाड आणि त्यामागचा खांब एका रेषेत दिसत होते, थोड्या वेळाने वेगळे दिसू लागले. होडीचं काय झालं असेल?
३. पाण्याची खोली ५ मीटर, होडीचं टोक १ मीटर उंच, भरती आणखी २ मीटर. सात पट दोर किती?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ५६ मीटर आहे. ज्या मुलाचं ४२ आलं, त्याला रागावू नका. त्याला फक्त विचारा, “रात्री भरती आल्यावर काय होईल?” पुढचं गणित तो स्वतःच करेल.