बारमधला पाण्याचा ग्लास

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. औद्योगिक वसाहतीत दिवसभर बॉयलरजवळ घाम गाळलेला एक तरुण मित्रांबरोबर महामार्गावरच्या परमिट रूममध्ये बसला. दोन क्वार्टर, सोबत खारे शेंगदाणे. रात्री उलट्या झाल्या. सकाळी मोटारसायकलवर मध्ये बसवून त्याला माझ्याकडे आणले, तेव्हा जीभ कोरडी, नाडी जलद, रक्तदाब उतरलेला आणि पोटऱ्यांत गोळे. सलाईनची तिसरी बाटली संपत आली तेव्हा कुठे लघवी झाली. "रात्री पाणी किती प्यालास?" म्हणून विचारले, तर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, साधं पाणी मागितलं तर वेटर बाटलीच आणतो. तिचे पैसे कशाला द्यायचे, म्हणून नीटच घेतली."

दारू पिऊ नये, हे मी रुग्णांना रोज सांगतो. पण शिरूर-रांजणगावचा नगर रस्ता असो की पाटस-कुरकुंभचा सोलापूर रस्ता, संध्याकाळी टेबले भरतात हे डोळ्यांना दिसते. त्या टेबलावर पाणी असावे की नसावे, हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

लघवीवाटे जास्त पाणी जाऊ नये म्हणून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात येते. दारू त्याला अटकाव करते. त्यामुळे प्यालेल्यापेक्षा जास्त पाणी बाहेर जाऊ शकते. एप्रिल-मे महिन्यात आधीच घामाने पाणी व मीठ गेलेले असते, त्यात ही भर. बिअरने मुतखडा पडतो असे सांगणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. लघवी वाढते एवढेच खरे, आणि ते काम साधे पाणीही करते, तेही फुकट!

फुकट म्हटले की मालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २०१० पासून परवानाधारक बार आणि नाइट क्लबला, गिऱ्हाईक मागेल तेव्हा नळाचे पिण्याचे पाणी मोफत द्यावे लागते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चित्रपटगृहांना बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याची मुभा दिली, पण पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत द्यावे हेही सांगितले. डिसेंबर २०१७ च्या निकालाने हॉटेलांना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येते. मात्र बाटली घेतलीच पाहिजे, अशी सक्ती त्या निकालात नाही. तेव्हा जगातले पाणी मागायला लाजू नये. सक्ती झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मात्र ते पाणी पिण्याजोगे हवे. बोअरचे पाणी, झाकण नसलेली टाकी, आणि एकच ग्लास बुडवून जग भरणारा पोऱ्या. कावीळ, टायफॉईड आणि जुलाब येतात ते याच वाटेने. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची साथ आली, तेव्हा संशय दूषित पाण्यावरच होता. बर्फाचेही तेच. खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम राज्यात २०१८ मध्ये आला, तो लक्षात ठेवून ग्लासात पाहावे. पेगमधल्या दारूने बर्फातले जंतू मरतात, ही समजूत खोटी आहे.

पाण्याने काय होत नाही, तेही सांगतो. नशा उतरत नाही, यकृत वाचत नाही, गाडी चालवण्यास माणूस लायक होत नाही. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांचेही तसेच. एका पेगमागे एक ग्लास पाणी प्यावे; पण दारू उतरवायची म्हणून एकदम तीन-चार लिटर पिणे धोक्याचे, कारण रक्तातले सोडियम घसरते.

शुद्ध हरपलेल्याला तर पाणी अजिबात पाजू नये. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी ओततात, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर झोपवावे, एकटे सोडू नये. हाक मारून जागा होत नसेल, श्वास थांबत-थांबत येत असेल किंवा अंग गार पडले असेल, तर १०८ ला फोन करावा. आणि काय व किती प्याला, हे डॉक्टरांना खरे सांगावे. पोलिसांच्या भीतीने लपवाछपवी होते ती नेमकी इथेच.